वितळलेल्या पाण्याची वाट

काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही धुळ्याला मावशीकडे गेलो होतो. चहा पुढ्यात येण्याआधीच मावशीने तक्रार मांडली. "अरे, तू एवढा शिकलेला. आमच्या फ्रिजला काय झालंय ते तरी सांग. रोज सकाळी भाजीच्या खणात वाटीभर पाणी साचलेलं असतं." एक कारागीर येऊन गेला होता. गॅस कमी झाला आहे असे सांगून त्याने गॅस भरला, पैसे घेतले आणि तिसऱ्या दिवशी भाजीच्या खणात पुन्हा पाणी आले.

आम्ही फ्रीझरचे दार उघडून पाहिले. तळाशी बोटभर जाडीचा, काचेसारखा स्वच्छ बर्फ पसरला होता. गॅस कमी असता तर एवढा बर्फ झालाच नसता. मग फ्रिजची पिन काढली, आतले सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवले, फडकी अंथरली आणि दार सताड उघडे ठेवून जेवायला बसलो. दुपारपर्यंत बर्फाची लादी सुटून हातात आली. मागचा पत्रा स्क्रू काढून बाजूला केला, तेव्हा खाली एक पन्हळ आणि तिच्या मध्यभागी करंगळी जाईल न जाईल एवढे भोक दिसले. त्यात बर्फाचे बूच घट्ट बसले होते. मोठ्या सिरिंजने त्यावर कोमट पाणी सोडले. पहिल्या खेपेचे पाणी तसेच परत वर आले. आठ-दहा खेपा झाल्यावर गडगड असा आवाज झाला आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये धार पडली. दुरुस्ती संपली.

मावशी म्हणाली, "एवढ्याशा भोकासाठी एवढं रामायण? पण काय रे, हे भोक ठेवलंच कशाला?"

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर देताना आम्हाला दोनशे वर्षे मागे जावे लागले. तेच येथे शिक्षक-मित्रांसाठी मांडत आहोत.

बर्फघरातली मोरी

यंत्राने बर्फ करण्यापूर्वी माणूस बर्फ साठवत असे. आपल्या देशातही हे होत होते. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फ करण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. उथळ खड्ड्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली चिपाडे पसरून त्यावर मातीच्या पसरट थाळ्या ठेवत. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थाळ्यांतल्या पाण्यावर बर्फ धरे. पहाटे तो गोळा करून गवताने मढवलेल्या खोल खड्ड्यात दाबून ठेवत आणि उन्हाळ्यात वापरत.

पुढे १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकी व्यापाऱ्याने बोस्टनहून 'टस्कनी' नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. तळ्यांवर गोठलेला हा बर्फ चार महिन्यांचा सागरी प्रवास करून आला, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. त्याच दशकात मुंबईतही अमेरिकी बर्फ येऊ लागला आणि शहरात त्यासाठी बर्फघर उभे राहिले.

या गोष्टीतल्या १०० टनांचे सर्वांना कौतुक वाटते. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष उरलेल्या ८० टनांकडे वेधू इच्छितो. हे पाणी गेले कुठे? ते जहाजाच्या तळाशी उतरले आणि उपसून टाकावे लागले. ते तसेच राहू दिले असते तर काय झाले असते? बर्फाभोवती लाकडाचा भुसा किंवा गवत भरलेले असते. भुसा थंडी धरून ठेवतो असे आपण म्हणतो. खरे काम करते ती भुश्याच्या कणांमध्ये अडकलेली हवा. हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. भुसा भिजला की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेली गोधडी पांघरून थंडीत झोपण्यासारखाच हा प्रकार. म्हणून बर्फ साठवणाऱ्यांचा पहिला नियम असा होता की वितळलेले पाणी ताबडतोब बाहेर गेले पाहिजे.

यात एक अडचण होती. तळाला भोक ठेवले तर पाणी बाहेर जाते. पण त्याच वाटेने बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरते. बर्फघरे बांधणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा आपण रोज पाहतो. न्हाणीघरातल्या बेसिनखाली वाकवलेला पाइप असतो. त्याच्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातला वास वर येत नाही. बर्फघराच्या मोरीलाही असेच वळण देत. पाणी जावे आणि हवा येऊ नये, या दोन परस्परविरोधी मागण्या त्या एका वळणाने पुऱ्या होत. मावशीच्या फ्रिजमधल्या भोकाची ही पहिली पिढी म्हणता येईल.

गोलागाडी आणि बर्फपेटी

खानदेशातल्या वाचकांना याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास घुटमळत असतो. अशा दुपारी शाळेजवळ उभ्या असलेल्या बर्फगोळ्याच्या गाडीखाली वाकून पाहा. गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेल्या लादीखालून थेंब थेंब पाणी गळत असते. ते गळते म्हणूनच संध्याकाळपर्यंत लादी टिकते. गाडीवाल्याने उष्णतावहनाचा धडा वाचलेला नसेल. पण लादी स्वतःच्याच पाण्यात बसू द्यायची नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

घरातल्या बर्फपेटीचा इतिहासही असाच आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडचा एक शेतकरी, टॉमस मूर, याने १८०३ मध्ये लोणी घट्ट स्वरूपात बाजारात नेण्यासाठी एक पेटी बनवली आणि तिला 'रेफ्रिजरेटर' हे नाव दिले. लाकडी टोपलीत पत्र्याचा डबा, दोहोंमध्ये बर्फ आणि बाहेरून सशाच्या कातड्याचे आवरण, अशी ती रचना होती. पुढे शंभर वर्षे घराघरांत अशाच तत्त्वावरच्या बर्फपेट्या वापरल्या गेल्या. वर बर्फाची लादी, खाली अन्न आणि तळाशी वितळलेल्या पाण्याचा ट्रे. तो ट्रे दररोज आठवणीने रिकामा करावा लागे. विसर पडला की स्वयंपाकघरात तळे साचे.

यंत्र आले, पाणी राहिले

विल्यम कलेन याने द्रवाच्या बाष्पीभवनाने थंडी निर्माण होते यावरचा निबंध १७५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा शिष्य जोसेफ ब्लॅक याने पुढच्या काही वर्षांत अप्रकट उष्म्याची कल्पना मांडली. जेकब पर्किन्स याने १८३४ मध्ये बाष्प दाबून पुन्हा द्रव करणाऱ्या शीतयंत्राचे पेटंट घेतले. आजच्या फ्रिजमधले चक्र तत्त्वतः तेच आहे. घरगुती फ्रिज विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आले. आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये फ्रिजचे उत्पादन सुरू केले.

बाहेरून बर्फ आणण्याची गरज आता संपली. म्हणजे वितळलेल्या पाण्याचा प्रश्नही संपायला हवा होता. तसे झाले नाही. बर्फ दारातून हातगाडीवर येत असे, तो आता अदृश्य रूपात हवेतून येऊ लागला.

हिवाळ्यात सातपुड्यातल्या तोरणमाळ आणि डाब या भागांत पहाटे गवतावर पांढरा थर दिसल्याच्या बातम्या आपण वाचतो. (हा सारा भाग १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात होता.) निरभ्र रात्री गवताची पाती उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होतात आणि हवेतले बाष्प त्यांच्यावर गोठते. बार्करने वर्णन केलेल्या थाळ्यांमध्येही हीच क्रिया उपयोगी पडत होती. फ्रीझरमधल्या थंड नळ्यांवर ती बारा महिने, चोवीस तास चालते.

किती बाष्प आत येत असेल? थोडे गणित करू. ऑगस्टमध्ये जळगावात तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे असे धरू. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. उणे १८ अंशांच्या हवेत फक्त १ ग्रॅमच्या आसपास मावते. दार उघडल्यावर १०० लिटर, म्हणजे घनमीटरचा दहावा हिस्सा, हवा बदलली असे समजा. म्हणजे दर वेळी जास्तीत जास्त सव्वादोन ते अडीच ग्रॅम पाणी आत आले. दिवसातून तीस वेळा दार उघडले तर सुमारे ७० ग्रॅम, आणि महिन्याला दोन किलो. भाज्या आणि उघडी भांडी आणखी भर घालतात, ती वेगळीच.

आता मे महिना घ्या. दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. एक घनमीटर हवेत बाष्प सुमारे ९ ग्रॅम. म्हणजे अंगाची लाही करणाऱ्या मे महिन्यापेक्षा पावसाळ्यात फ्रीझरमध्ये जवळजवळ तिप्पट बर्फ जमू शकतो! खोलीत वाळ्याच्या पडद्यांचा कूलर चालू असेल तर मात्र हा हिशेब बदलेल. का, ते विद्यार्थ्यांना विचारावे. मावशीची तक्रार श्रावणातली होती, हा योगायोग नव्हता.

सुरी, बटण आणि हीटर

नळ्यांवर जमणारा हा बर्फ भुसभुशीत असतो. त्यात भरपूर हवा अडकलेली असते. बर्फघरात जी हवा मित्र होती, ती येथे शत्रू होते. थंड नळ्या आणि अन्न यांच्यामध्ये जणू भुश्याची चादरच तयार होते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि विजेचे बिल वाढते. म्हणून बर्फ अधूनमधून काढावाच लागतो.

पूर्वी हे काम घरातल्या बाईकडे असे. फ्रिज बंद करायचा, फडकी आणि परात घेऊन बसायचे. घाई असली की सुरीने बर्फ खरवडायचा. आमच्या लहानपणी जळगावातल्या कितीतरी घरांतले फ्रिज या सुरीने निकामी झालेले आम्ही पाहिले आहेत. फ्रीझरचा पत्रा पातळ ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या पोटातच गॅसच्या वाटा असतात. एक टोच लागला की गॅस गेला. त्या काळचा गॅस क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे ओझोनच्या थराला घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करत नाही, पण ज्वलनशील आहे. सुरी न वापरण्याचे हे आणखी एक कारण.

नंतर थर्मोस्टॅटच्या मध्यभागी एक बटण आले. ते दाबले की कॉम्प्रेसर बंद राहतो आणि बर्फ वितळल्यावर आपोआप सुरू होतो. पुढची पायरी म्हणजे 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रिज. नाव थोडे फसवे आहे. यातही बर्फ जमतोच. फक्त तो पडद्याआड जमतो आणि आपल्या नकळत वितळवला जातो. काही तासांनी टायमर कॉम्प्रेसर थांबवतो आणि नळ्यांखालचा हीटर लावतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. ७० ग्रॅमला ५,६०० कॅलरी, म्हणजे सुमारे २३,५०० ज्यूल. १५० वॅटचा हीटर एवढी उष्णता अडीच-पावणेतीन मिनिटांत देतो. प्रत्यक्षात हीटर बराच जास्त वेळ चालतो, कारण त्याला नळ्या, पत्रा आणि आसपासची हवाही तापवावी लागते.

वितळलेले पाणी पन्हळीतून भोकात, नळीतून खाली आणि कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडते. कॉम्प्रेसरच्या उबेने ते हवेत उडून जाते. हवेतून आलेले पाणी हवेत परत. नळीच्या शेवटाला वळण किंवा रबरी झडप असते, म्हणजे पाणी जावे आणि हवा येऊ नये. बर्फघरातली मोरी येथे पुन्हा भेटते.

भोक का तुंबते?

बर्फपेटीचा ट्रे भरला की तो दिसत असे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये सारे नजरेआड चालते, आणि म्हणून बिघाडही नजरेआड वाढतो. कधी नळीत पिशवीचा तुकडा, मटाराचे साल किंवा बुळबुळीत मळ अडकतो. कधी खालची रबरी झडप चिकटते. पाणी नळीत थांबते आणि भोकाचे तोंड तर उणे तापमानात असते. तेथे बर्फाची पहिली चकती धरली की पुढच्या प्रत्येक खेपेचे पाणी तिच्यावर साचून गोठते. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते, त्यामुळे हे बूच घट्ट बसते. मग पाणी फ्रीझरच्या तळावर पसरते आणि शेवटी भाजीच्या खणात उतरते.

आमच्या मते भारनियमनाचाही यात हात असावा. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास वीज जात असे. वीज गेल्यावर नळ्यांवरचा बर्फ अर्धवट वितळतो आणि पाणी भोकाकडे ओघळते. वीज आली की सुरू होतो तो कॉम्प्रेसर, हीटर नव्हे. जुन्या पद्धतीचा टायमर विजेवर चालणाऱ्या घड्याळासारखा असल्याने तोही वीज जाताच थांबलेला असतो. वाटेत असलेले पाणी तेथेच गोठते. मावशीच्या नळीतून कचरा असा काहीच निघाला नाही, निघाला तो फक्त बर्फ.

दुरुस्ती करताना पुढील पथ्ये पाळावीत. प्रथम पिन काढावी. बर्फ आपणहून वितळू द्यावा. कोमट पाणी वापरावे, उकळते नको. प्लॅस्टिकचे भाग वाकतात किंवा तडकतात. टोकदार तार खुपसू नये. पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरते याची खात्री करावी. बूच पुन्हा पुन्हा धरत असेल तर हीटरची ऊब भोकापर्यंत नेणारी ॲल्युमिनियमची पट्टी जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावी.

लसीच्या पेटीपाशी

घरात फार तर मेथीची जुडी सडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. १९८५ मध्ये आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि लसी ठेवण्यासाठी गावोगावच्या केंद्रांवर बर्फाच्या अस्तराची शीतपेटी आणि डीप फ्रीझर पोहोचले. या शीतपेटीचे दार वर असते. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती सांडत नाही आणि बाष्पही कमी शिरते. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तिचे तापमान टिकते. खानदेशासारख्या उष्ण आणि वीज जाणाऱ्या मुलखासाठी ही फार मोठी सोय होती.

या पेटीत घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसारखा स्वयंचलित हीटर नसतो. बर्फ वितळवताना तापमान वरखाली होते आणि लसींना २ ते ८ अंशांच्या बाहेरचे तापमान चालत नाही. म्हणून येथे जुनीच पद्धत मुद्दाम ठेवली आहे. बर्फाचा थर सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला की आरोग्य कर्मचारी लसी दुसऱ्या शीतपेटीत हलवतात, वीज बंद करतात, बर्फ वितळू देतात, पाणी काढून पेटी कोरडी पुसतात आणि तापमान पुन्हा योग्य झाल्यावरच लसी परत ठेवतात. सुरीला येथेही बंदी आहे.

एवढी काळजी का? त्रिगुणी लस किंवा कावीळ-ब ची लस एकदा गोठली की निकामी होते. पुन्हा वितळल्यावर बाटलीकडे नुसते पाहून हे ओळखता येईलच असे नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या केंद्रातून लसीचा डबा पाठीवर घेऊन पाड्यापर्यंत चालत जाणाऱ्या परिचारिकेची सारी पायपीट अशा एका चुकीने वाया जाऊ शकते, आणि बाळाला लस टोचूनही संरक्षण मिळत नाही. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशात लस शोधणाऱ्यांचा वाटा आहे, ती देणाऱ्यांचा आहे, तसाच वेळच्या वेळी शीतपेटीतले पाणी पुसणाऱ्यांचाही आहे. त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत.

वर्गात करून पाहा

१. स्टीलच्या दोन पेल्यांपैकी एकात नुसता बर्फ आणि दुसऱ्यात बर्फ व भरपूर मीठ घालून ढवळा. पेल्यांच्या बाहेरच्या बाजूंवर काय जमते? दोन्हींतला फरक कशामुळे? हाच प्रयोग ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये करून नोंदी ताडून पाहा.

२. सारख्या वजनाचे बर्फाचे दोन तुकडे लाकडाच्या भुशात गुंडाळा. एक चाळणीवर ठेवा, म्हणजे पाणी गळून जाईल. दुसरा खोल वाटीत ठेवून त्याचा भुसा सुरुवातीलाच भिजवा. तासाभराने दोन्ही तुकड्यांचे वजन करा. निष्कर्ष आम्ही सांगत नाही. विद्यार्थ्यांनी काढावा आणि त्यावर भांडावे.

३. घरी किंवा शाळेत फ्रिज असेल तर मागचा ट्रे शोधा. पावसाळ्यात तो ओला असतो का, उन्हाळ्यात कोरडा असतो का, याची महिनाभर नोंद ठेवा.

मावशीचा फ्रिज त्यानंतर व्यवस्थित चालला. पुढच्या भेटीत तिने आम्हाला फ्रिजच्या मागे नेले आणि बॅटरीच्या उजेडात ट्रे दाखवला. "बघ, आहे पाणी," ती समाधानाने म्हणाली. "आता मी रोज बघते. इथं पाणी दिसलं की समजायचं, आत सगळं ठीक आहे." आमच्या पदवीपेक्षा मावशीची ही कसोटी अधिक उपयोगाची आहे, हे आम्ही तेथेच मान्य केले.